पहिली ते चौथीच्या मुलांना कलेची तंत्रे कशी शिकवावीत : नव्या शिक्षकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाला भाषा आणि गणिताबरोबर कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे विषयही स्वतःच शिकवावे लागतात. स्वतंत्र कलाशिक्षक बहुधा माध्यमिक शाळेतच भेटतो. पहिली ते चौथीला वर्गशिक्षक हाच कलाशिक्षक असतो. ‘मला स्वतःला चित्र काढता येत नाही, मग मी मुलांना काय शिकवणार?’ हा प्रश्न मी नव्या सहकाऱ्यांकडून वारंवार ऐकला आहे. या धास्तीमुळे कलेची तासिका एक तर पाढ्यांच्या सरावात जाते, नाही तर ‘तुम्हाला आवडेल ते काढा’ असे सांगून शिक्षक नोंदवह्या पूर्ण करायला बसतात.

दोन्हींमध्ये मुलाचे नुकसान आहे. नुसती मोकळीक दिली, तर चार वर्षांनंतरही मूल ब्रश दाबून त्याचे केस फिसकटून टाकते. माझे म्हणणे असे, की तंत्र शिक्षकाने नेमकेपणाने शिकवावे आणि चित्र मात्र मुलाचे असू द्यावे. खडू आडवा धरल्याने काय होते, रंगात पाणी किती घ्यावे, मातीच्या बैलाचे शिंग गळून का पडते, या गोष्टी शिकवता येतात आणि त्यासाठी स्वतः चित्रकार असावे लागत नाही. घर केवढे असावे, गाय कोणत्या रंगाची असावी, हे मुलाला ठरवू द्या. पुढील सर्व पायऱ्या या एका भेदावर उभ्या आहेत.

१. मुले कुठे उभी आहेत, ते आधी पाहा

पहिल्या आठवड्यात काहीही शिकवू नका. प्रत्येक मुलाला एक कागद आणि एक खडू देऊन ‘मी आणि माझ्या घरची माणसे’ असा विषय द्या, चित्रामागे नाव आणि तारीख लिहा आणि सर्व चित्रे जपून ठेवा. वर्षअखेरीस मुलाची वाढ कशाच्या तुलनेत मोजायची, याचे उत्तर या कागदांतच असते.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीनुसार साधारण चार ते सात या वयात मूल वस्तूंच्या आकारांची पहिली चिन्हे शोधत असते आणि सात ते नऊ या वयात माणूस, झाड, घर यांचा ठरलेला आकार ते पुन्हा पुन्हा वापरते. म्हणून पहिलीच्या चित्रात माणसाला मोठे डोके आणि डोक्यातूनच निघालेले पाय दिसतील. दुसरी-तिसरीच्या चित्रात कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ आणि तिच्यावर ओळीने उभी असलेली माणसे दिसतील, घराच्या भिंतीतून आतली चूल दिसेल, आई घरापेक्षा उंच असेल. हे सगळे त्या वयाच्या विचाराचे दर्शन आहे. ‘आई घरापेक्षा मोठी असते का?’ असे विचारून ते दुरुस्त करू नका. योग्य प्रमाण आणि दूर-जवळचा भास दाखवण्याची गरज मुलाला साधारण नऊ वर्षांनंतर स्वतःच जाणवू लागते आणि तेव्हा ते आपणहून विचारते.

२. साहित्याची जुळवाजुळव

सुरुवातीला पुढील साहित्य पुरेसे आहे :

– तेलखडू आणि मेणखडू : शक्यतो जाड कांड्यांचे, प्रत्येक चार मुलांमागे एक खोका.
– पोस्टर रंग : पिवळा, लाल, निळा, पांढरा आणि काळा. बारा बाटल्यांचा संच घेण्याची आवश्यकता नाही.
– ब्रश : गोल, ६ आणि १० क्रमांकाचे. १ आणि २ क्रमांकाचे बारीक ब्रश या वयासाठी घेऊ नका. त्यामुळे मुले मनगट आवळून रंगवतात.
– पेन्सिली : २बी किंवा ४बी. कडक पेन्सिलीने मूल कागदावर ओरखडे काढते.
– कागद : ड्रॉइंग पेपर, खाकी कागद, एका बाजूने कोरे राहिलेले जुने कागद, वर्तमानपत्रे.
– बोथट टोकाच्या कात्र्या. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळ्या कात्र्या मिळतात, त्यांपैकी एक-दोन अवश्य घ्या.
– कुंभाराकडची मळलेली माती, गोणपाट, जुन्या बादल्या, पसरट डबे, सुती चिंध्या.

शाळेच्या अनुदानातून खरेदी करणार असाल, तर आधी मुख्याध्यापकांशी बोलून विषय शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा, पक्की पावती घ्या आणि कात्र्यांसारख्या टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत त्याच दिवशी चढवा. ही कामे नंतरवर टाकली, की पुढच्या खरेदीला अडचण येते.

खरेदीतला एक सापळा सांगतो. स्वस्त खोक्यांतले काही मेणखडू कागदावर रंगापेक्षा मेणच अधिक सोडतात. मूल जोर लावून थकते आणि आपल्याला रंगवता येत नाही, असा समज करून घेते. पाच खोके घेण्यापूर्वी एक घेऊन स्वतः रंगवून पाहा.

३. वर्षाचा आणि तासिकेचा क्रम

आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पावसाळ्यात कागद ओलसर राहतो, रंगवलेली चित्रे वाळत नाहीत, एकमेकांना चिकटतात. म्हणून पहिले महिने रेषा आणि खडू, बेंदूर किंवा पोळ्याच्या सुमारास माती, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ओले रंग असा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो.

एका तासिकेत एकच तंत्र घ्या. पहिली दहा मिनिटे प्रात्यक्षिक, वीस मिनिटे मुलांचे काम आणि शेवटची दहा मिनिटे आवराआवर, असा ढोबळ हिशेब ठेवा. ओल्या रंगाच्या आणि मातीच्या कामासाठी मुख्याध्यापकांकडे सलग दोन तासिका मागा. आवराआवर हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे : ब्रश कोण धुणार, पाणी कोण ओतणार, फरशी कोण पुसणार याच्या पाळ्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात.

प्रात्यक्षिक करताना एक पथ्य कटाक्षाने पाळा. तंत्र दाखवून झाले, की तुमचा कागद उलटा ठेवा किंवा फळा पुसून टाका. तुम्ही काढलेले घर फळ्यावर राहिले, तर पुढच्या वीस मिनिटांत वर्गात तेवढीच घरे तयार होतात आणि ती सगळी तुमची असतात.

४. रेषा

रेषेची सुरुवात कागदावर करू नका. मुलांना व्हरांड्यात नेऊन फरशीवर खडूने हातभर लांब रेघा ओढू द्या : उभी, आडवी, तिरपी, नागमोडी, नागफणीसारखी, गोगलगायीच्या शंखासारखी आत आत जाणारी. या वयात खांदा आणि कोपर यांच्यावर मुलाचे नियंत्रण आधी येते, बोटांवर नंतर; त्यामुळे मोठ्या हालचालीपासून लहान हालचालीकडे येणे मुलाला सोपे जाते. घरी ठिपक्यांची रांगोळी पाहिलेली असते, तिचाही उपयोग करून घ्या. चार ठिपक्यांपासून सुरुवात करून ठिपका न चुकवता रेघ नेणे हा डोळा आणि हात यांचा उत्तम मेळ आहे.

कागदावर आल्यानंतर पहिले काही आठवडे खोडरबर देऊ नका. रबर हातात असले, की मूल चित्र काढण्यापेक्षा खोडण्यातच तासिका घालवते. चुकीची वाटलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायला सांगा.

तिसरीपासून निरीक्षणाची रेषा घ्यावी. पिंपळाचे आणि जासवंदीचे पान मुलांसमोर शेजारी ठेवा. ‘पान काढा’ असे म्हटले, तर सगळी मुले पाठ झालेला बदामी आकार काढतील. त्याऐवजी आधी प्रश्न विचारा. टोक कोणाचे लांब निमुळते आहे? दातेरी कडा कोणाची आहे? देठ पानाला नेमका कुठे जोडला आहे? मधली शीर टोकापर्यंत जाते का? मुलांना बोट पानाच्या कडेवरून सावकाश फिरवू द्या आणि त्याच गतीने कागदावर रेघ नेऊ द्या. पाहणे शिकवले, की रेषा बरीचशी आपोआप सुधारते. पानांनंतर चप्पल, जेवणाचा डबा, शाळेची घंटा अशा रोजच्या वस्तू घ्याव्यात.

५. खडूंची तंत्रे

तेलखडूची चार तंत्रे पहिली-दुसरीतही सहज येतात. पहिले म्हणजे खडूचा कागद काढून त्याचा तुकडा आडवा धरून मोठा भाग झटपट भरणे. दुसरे म्हणजे फिका रंग आधी आणि गडद रंग नंतर लावणे, कारण गडदावर फिका लावला की तो मळतो. तिसरे म्हणजे दोन रंगांची सीमा बोटाने किंवा चिंधीने घासून मिसळणे. चौथे आणि मुलांचे सर्वांत आवडते म्हणजे खरवडकाम : कागदावर पिवळे, केशरी, गुलाबी असे पट्टे दाट लावायचे, त्यावर काळा तेलखडू पूर्ण भरायचा आणि संपलेल्या रिफिलीच्या टोकाने रेघा ओढून खालचे रंग उघडे करायचे. खालचा थर विरळ राहिला, तर खरवडल्यावर पांढरा कागदच दिसतो. हे आधी सांगून ठेवा.

कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली, तर खडू अधिक दाट बसतो.

६. ब्रश आणि ओले रंग

रंगाच्या पहिल्या तासिकेला रंगच काढू नका. ब्रश आणि पाणी द्या आणि पाटीवर नुसत्या पाण्याने रंगवायला सांगा. ब्रश पत्र्याच्या कड्याच्या थोडा वर धरणे, केस ज्या दिशेला झुकतात त्या दिशेने ओढणे, डब्याच्या काठावर निथळून घेणे, कामानंतर धुऊन आडवा ठेवणे, हे सर्व पाण्यावर शिकून होते. पाण्याच्या डब्यात डोके खाली करून ठेवलेल्या ब्रशाचे केस कायमचे वाकतात, हे वाकलेला ब्रशच दाखवून सांगा.

त्यानंतर फक्त पिवळा आणि निळा द्या. पिवळ्यात निळ्याचा थेंब थेंब घालत गेले, की पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत किती हिरवे मिळतात, ते मुलांनी एका पट्टीवर ओळीने लावावे. नेहमी फिक्या रंगात गडद रंग घालायचा, ही सवय इथेच लागते. उलट केले, तर पिवळ्याची अर्धी बाटली संपते. पुढच्या तासिकेला पिवळा आणि लाल, नंतर लाल आणि निळा. तिन्ही रंग एकदम हाती दिले, तर दहा मिनिटांत सगळ्यांच्या ताटलीत चिखली तपकिरी रंग तयार होतो, कारण तिन्ही मूळ रंग एकत्र आले की ते एकमेकांचा उजळपणा मारतात. तो तपकिरी रंगही नंतर मुद्दाम करायला लावा. शेतजमीन, खोड, त्वचेच्या छटा त्यातूनच मिळतात. खोक्यातल्या फिकट गुलाबी कांडीला ‘अंगाचा रंग’ म्हणू नका. मुलांना आपल्या हाताशेजारी कागद धरून लाल, पिवळा, निळा आणि पांढरा यांच्या मिश्रणातून स्वतःच्या त्वचेची छटा शोधू द्या. प्रत्येकाची छटा वेगळी निघते आणि वर्ग ते लक्ष देऊन पाहतो.

मेणबत्तीने कागदावर चित्र काढून वरून पातळ रंगाचा हात फिरवला, की मेण कागदाला पाणी धरू देत नाही आणि पांढरे चित्र उमटते. पाऊस, जाळे, चांदण्या यांसाठी हे तंत्र फार उपयोगी आहे.

रंग विकत घेणे शक्य नसेल, तर गेरू, कोळशाची पूड आणि हळद पाण्यात कालवून थोडा डिंक घातल्यास चालते. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो. हळद लावलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचा हात फिरवला, तर तो लालसर होतो. हा प्रयोग मुलांना दाखवा, पण त्यासाठी चुना त्यांच्या हाती देऊ नका, डोळ्यांत गेल्यास इजा होते.

७. कागदकाम आणि ठसे

कातरीआधी फाडकाम घ्या. दोन्ही हातांची चिमूट जवळ जवळ ठेवून थोडे थोडे फाडल्याने कागद हव्या त्या आकारात फाटतो, आणि पहिलीच्या बोटांना हाच खरा व्यायाम आहे. कातरी चालवताना कागद फिरवायचा, कातरी फिरवायची नाही, हे प्रत्येकाजवळ जाऊन दाखवावे लागते.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ घरी शिजवता येते. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात; ते विषारी आहे, मुलांच्या खळीत कधीही घालू नका आणि खळ दोन-तीन दिवसांपुरतीच करा. बियांचे चिकटकाम करायचे असेल, तर गुंजा आणि एरंडाच्या बिया संपूर्ण वर्ज्य समजा. त्या दिसायला सुंदर असतात, मुले गोळा करून आणतात आणि दोन्ही चावून खाल्ल्यास जिवावर बेतू शकते.

ठशांसाठी पानाची शिरा उठून दिसणारी, म्हणजे खालची बाजू रंगवा. बटाटा शिक्षकानेच आधी कापून आणावा आणि कापलेली बाजू कोरड्या चिंधीने टिपून मगच रंगात टेकवावी; बटाट्याचे पाणी राहिले, तर ठसा फिसकटतो. काही घरांत भाजी वाया घालवणे खुपते आणि ते योग्यच आहे, म्हणून जून भेंडी, किडका बटाटा, बाटल्यांची झाकणे, दोरा गुंडाळलेला ठोकळा यांचाच वापर करा.

८. माती

मातीच्या तासिकेला शिक्षक सर्वांत जास्त कचरतात आणि मुले सर्वांत जास्त रमतात. ग्रामीण भागातल्या अनेक मुलांनी पोळ्याला किंवा बेंदराला घरी मातीचे बैल केलेले असतात, त्यामुळे इथे काही मुले तुमच्यापेक्षा जाणकार निघतील. त्यांना पुढे बोलावून शिकवू द्या.

माती योग्य आहे की नाही, हे ओळखण्यासाठी तिची बोटाएवढी वळकटी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले तर पाणी हवे, हाताला चिकटली तर गोणपाटावर पसरून थोडी सुकू द्या. क्रम असा ठेवा : आधी गोळा, मग वळकटी, मग गोळ्यात अंगठा खुपसून फिरवत केलेली वाटी, मग वळकट्या एकावर एक रचून केलेले भांडे आणि शेवटी प्राणी.

बैलाचे पाय, शेपूट आणि शिंगे वेगळी करून नुसती चिकटवली, तर वाळताना ती गळतात, कारण दोन्ही तुकडे वेगवेगळे आकसतात. उपाय दोन आहेत. एक म्हणजे सगळे अवयव एकाच गोळ्यातून चिमटीने ओढून काढणे. दुसरा म्हणजे दोन्ही पृष्ठभागांवर काडीने चरे पाडून, पाण्यात कालवलेल्या पातळ मातीचा लेप लावून, मग जोड दाबून बोटाने सारखा करणे. हे कारणासह सांगितले, तर दुसरीचे मूलसुद्धा लक्षात ठेवते. जाड वस्तू वाळताना फुटते, म्हणून भिंतीची जाडी मुलाच्या करंगळीएवढी असावी. वस्तू सावलीत वाळवा आणि रोज एकदा उलटा.

मातीचे हात थेट नळाखाली धुऊ देऊ नका, नळी तुंबते. आधी बादलीत धुवायचे, बादलीतली माती खाली बसल्यावर वरचे पाणी झाडांना घालायचे आणि उरलेली माती पुन्हा वापरायची. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र या वयाला देऊ नका. घट्ट होताना ते तापते आणि त्यात हात बुडवलेला राहिला, तर भाजते.

९. वारली चित्रे घेताना

वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ एवढ्यावर उभी असलेली वारली चित्रशैली तिसरी-चौथीच्या मुलांना जवळची वाटते आणि शिक्षकांनाही सोपी वाटते. तेवढ्यावर थांबून ती निव्वळ किनारीची नक्षी करू नका. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, काढतात आणि त्यात पालघट देवी असते. सारवलेल्या, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि ठेचलेल्या बांबूच्या काडीचा ब्रश, एवढेच साहित्य असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हे मुलांना सांगा, छायाचित्रे दाखवा आणि देवीचा चौक वर्गात उतरवून घेऊ नका. मुलांना खाकी कागद, गेरू आणि तांदळाची पेज देऊन, टोकाला टोक जुळलेल्या दोन त्रिकोणांची माणसे आपल्या गावातली कामे करताना दाखवायला सांगा : नळावर पाणी भरणारी, कापूस वेचणारी, एसटीची वाट पाहणारी. तिरपा त्रिकोण घेतला, की माणूस वाकतो आणि हालचाल दिसते, हे या शैलीतले सर्वांत मोलाचे तंत्र आहे.

१०. ठरीव देखाव्याचे काय करावे

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड, आकाशात ‘४’ या आकड्यासारखे पक्षी : हा देखावा तुमच्या वर्गात पहिल्याच दिवशी येईल, अगदी जिथे मैलोन्‌मैल डोंगर नाही तिथेही. मुलाला त्यावरून रागावू नका, ते त्याला येणारे आणि कौतुक मिळवून देणारे चित्र आहे. त्याला प्रश्न विचारा. या झोपडीत कोण राहते? ते आता काय करत आहे? तुझ्या घरासमोर कोणते झाड आहे, त्याच्या फांद्या कुठून फुटतात? उत्तरे देता देता चित्रात बाभूळ येते, शेळी येते, मोटारसायकल येते. विषयही नेमका द्या. ‘पावसाळा’ म्हटले की देखावा येतो. ‘शाळेत येताना मी भिजलो’ म्हटले की प्रसंग येतो.

मुलाच्या कागदावर स्वतःच्या हाताने रेघ ओढून सुधारणा करू नका. सांगायचेच असेल, तर वेगळ्या तुकड्यावर तंत्र दाखवा. रंग भरण्याच्या छापील पुस्तिका क्वचित चालतील, पण त्या भरून घेणे म्हणजे चित्रकला शिकवणे नव्हे.

११. दाद, प्रदर्शन आणि नोंदी

‘छान’ हा शब्द कमी वापरा आणि दिसले ते बोला : ‘तू आकाश दोन निळ्यांनी रंगवलेस’, ‘या बैलाची मान तू वळवलीस’. भिंतीवर दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी सर्वांची चित्रे लावा, निवडक पाचांची नव्हे. वर्गात क्रमांक काढल्याने उरलेली मुले चित्र काढणे हळूहळू सोडून देतात, असे मी पाहिले आहे.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कलेसाठीही वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. ‘चित्रे चांगली काढतो’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण ती वाचून पुढच्या शिक्षकाला काहीच समजत नाही. नोंद तंत्राची करा : ‘दोन रंगांच्या मिश्रणातून तीन छटा तयार करतो’, ‘मातीचा जोड चरे पाडून पक्का करतो’, ‘कातरी सरळ रेषेवर चालवते, वळणावर मदत लागते’. प्रत्येक तासिकेला चार-पाच मुलांकडे लक्ष ठेवून त्याच दिवशी लिहिले, की सत्राच्या शेवटी घाई होत नाही. एप्रिलमध्ये, जूनचाच विषय देऊन ‘मी आणि माझ्या घरची माणसे’ पुन्हा काढून घ्या, दोन्ही कागद एकत्र टाचा आणि निकालाच्या दिवशी पालकांच्या हाती द्या; पुढच्या वर्गशिक्षकांसाठी त्यांचे छायाचित्र काढून ठेवा.